होलिरूडमध्ये सरकारला प्रश्न कसे विचारतात? स्कॉटिश पार्लमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी आणि तिकडे नाशिक-पुण्यात बसून इथल्या बातम्या बघणारे त्यांचे आईबाबा, दोघंही फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. होलिरूडला, म्हणजे एडिनबरातल्या स्कॉटिश पार्लमेंटमध्ये, दर गुरुवारी प्रश्नोत्तरांत होणारी भांडणं बघायला मजा येते हे खरं, पण सरकारचा पैसा कुठं गेला हे बहुतेक वेळा त्या भांडणातून नाही तर कंटाळवाण्या लेखी उत्तरांतून आणि समितीच्या बैठकांतून बाहेर येतं, असं माझं मत आहे आणि खाली ते जागोजागी डोकावणार.

हे सरकार नेमकं कुठलं? पंतप्रधान तर लंडनला असतो ना?

हो, पण स्कॉटलंडचं स्वतःचं सरकार आहे, एडिनबरामध्ये. सप्टेंबर १९९७ ला सार्वमत झालं, १९९८ ला कायदा आला आणि मे १९९९ मध्ये पहिली सभा भरली. हॉस्पिटलं, शाळा, पोलीस, कोर्टं, रस्ते, बेटांवरच्या बोटी, घरं, हे सगळं इथल्या सरकारकडे. संरक्षण, परराष्ट्र, व्हिसा-इमिग्रेशन लंडनकडे. म्हणजे तुमचा व्हिसा अडकला तर इथल्या आमदाराने सभागृहात कितीही घसा कोरडा केला तरी उत्तर येणार की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही.

सदस्य १२९. त्यातले ७३ मतदारसंघातून आणि ५६ प्रादेशिक यादीतून. त्यांना एमएसपी म्हणतात (हमीभाववाला नाही). सरकारच्या प्रमुखाला फर्स्ट मिनिस्टर.

म्हणजे आपल्या राज्य सरकारसारखंच की!

बरंचसं. पण आकाराचा अंदाज घ्या, अख्ख्या स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, आणि आपला एकटा पुणे जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ९४ लाखांवर होता. त्यामुळे इथं एखाद्या गावातल्या दवाखान्याचा प्रश्नसुद्धा थेट फर्स्ट मिनिस्टरसमोर येतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

दुसरा फरक म्हणजे आपल्याकडे अधिवेशन असतं, बजेटचं, पावसाळी, मग नागपूरचं हिवाळी, आणि मधे सगळं शांत. इथं सुट्ट्या सोडल्या तर वर्षभर दर आठवड्याला मंगळवार, बुधवार, गुरुवार सभागृह भरतं. सरकारला "पुढच्या अधिवेशनात बघू" असं म्हणायची सोयच नाही, पुढचा मंगळवार आलेलाच असतो.

सरकारकडे पैसे येतात कुठून?

मोठा हिस्सा लंडनहून येतो, एकगठ्ठा. तो किती वाढणार किंवा घटणार हे बार्नेट फॉर्म्युल्याने ठरतं. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारात अर्थखात्याचे मंत्री होते, त्यांच्या नावाने. ढोबळमानाने असं की इंग्लंडमध्ये आरोग्यावर किंवा शाळांवर खर्च वाढला तर लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडलाही जास्तीचे पैसे मिळतात, आणि ते त्याच खात्यावर खर्च करायचं बंधन नसतं. इथंच निम्मी भांडणं सुरू होतात, कारण विरोधक म्हणतात आरोग्यासाठी आलेले पैसे आरोग्यावर गेले का ते दाखवा, आणि सरकार म्हणतं आमचं प्राधान्य आम्ही ठरवणार.

उरलेला पैसा इथल्या करांतून. इन्कम टॅक्सचे दर स्कॉटलंड स्वतः ठरवतं, २०२४-२५ पासून सहा टप्पे आहेत आणि सगळ्यात वरचा दर ४८ टक्के. चांगल्या पगाराच्या माणसाला इंग्लंडपेक्षा इथं जास्त कर बसतो, आयटीतल्या मंडळींना हे पहिल्याच पेस्लिपला कळतं. २०२४-२५ चं एकूण बजेट साधारण ६,००० कोटी पाउंडांच्या घरात होतं.

गुरुवारी दुपारी काय असतं?

फर्स्ट मिनिस्टरना प्रश्न. दुपारी १२ ला सुरू, पाऊण तासाच्या आसपास. आधी विरोधी पक्षांचे नेते, मग बाकीचे. बाकीच्यांचे प्रश्न आधी छापील यादीत येतात पण पूरक प्रश्न काय येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे फर्स्ट मिनिस्टर जाडजूड फाइल घेऊन उभे असतात आणि पानं उलटताना दिसतात. आपल्या मुख्यमंत्र्यांना असं दर आठवड्याला एकट्याने उभं करायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि ही एक गोष्ट इथून उचलायला हरकत नाही असं मला नेहमी वाटतं.

सभागृह अर्धगोलाकार आहे, लंडनसारखं समोरासमोर बाकं लावून नाही. माननीय वगैरे न म्हणता नावाने बोलतात. वाटतं की त्यामुळे वातावरण सभ्य असेल. तसं काही नाही. मे २०२५ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी नेते डग्लस रॉस सारखे मधे बोलतात म्हणून अध्यक्षांनी त्यांना प्रश्नोत्तरं चालू असतानाच सभागृहाबाहेर काढलं, आणि त्या दिवशी बातमी झाली ती त्याचीच. मूळ प्रश्न काय होते ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

२०२३-२४ मध्ये तर गंमतच होती, इकडून विरोधी लेबर पक्षाचे नेते अनस सरवर विचारायचे, तिकडून तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर हमझा युसफ उत्तर द्यायचे, दोघांचीही घराणी पाकिस्तानातून आलेली, आणि लंडनला पंतप्रधान ऋषी सुनक. घरी आजोबा टीव्ही बघत असले तर त्यांना आधी दोनदा सांगावं लागायचं की हे स्कॉटलंडच आहे.

पण उत्तर मिळतं का खरंच?

अर्ध्या वेळेला नाही. अमुक हॉस्पिटलमध्ये लोक किती तास ताटकळतात असं विचारलं की उत्तर येतं आम्ही नर्सेसचा पगार किती वाढवला, आणि इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये परिस्थिती कशी याहून वाईट आहे. एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) २००७ पासून सत्तेत, त्यामुळे "२००७ पासून आम्ही" हे पालुपद पाठ झालंय सगळ्यांना. अध्यक्षांकडे तक्रार केली तर ते सांगतात की उत्तरात काय म्हणायचं हे ठरवणं माझं काम नाही. नियमाने ते बरोबरच आहे, पण बघणाऱ्याचा जीव खाली-वर होतो.

गुरुवार सोडून प्रश्न विचारता येत नाहीत का?

येतात की. मंगळवारी ताज्या घडामोडींवर, आठवड्यात खातेनिहाय मंत्र्यांना, आणि गुरुवारीच १२ च्या आधी वीसेक मिनिटं सर्वसाधारण प्रश्न. खातेनिहाय आणि सर्वसाधारण प्रश्नांत कुणाचा नंबर लागणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरतं.

लेखी प्रश्न म्हणजे काय, आणि तुम्ही त्यांचं एवढं कौतुक का करता?

कारण माहितीची खरी खाण तीच आहे. कुठलाही एमएसपी लेखी प्रश्न टाकू शकतो, सरकारने साधारण १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, सुट्टीच्या काळात २०. प्रत्येक प्रश्नाला नंबर. २०२१ ते २०२६ च्या कार्यकाळातल्या लेखी प्रश्नाचा नंबर "एस६डब्ल्यू" ने सुरू होतो, तो वेबसाइटवर टाकला की प्रश्न आणि उत्तर दोन्ही समोर. मंत्र्यांच्या गाडीचा खर्च, सल्लागारांना दिलेले पैसे, एखाद्या पुलाची दुरुस्ती का रखडली, काय वाट्टेल ते मिळतं.

आता टोलवाटोलवीसुद्धा यातच शिकायला मिळते. सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. दुसरं, हा विषय संबंधित आरोग्य मंडळाचा आहे (अशी १४ प्रादेशिक मंडळं आहेत) किंवा स्थानिक कौन्सिलचा आहे (त्या ३२). आपल्या विधानसभेची छापील प्रश्नोत्तरं ज्यांनी वाचलीत, "हे खरे आहे काय", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही", त्यांना हे वाचताना एकदम माहेरी आल्यासारखं वाटेल.

पण हुशार आमदार इथं हरत नाही. केंद्रीय पातळीवर माहिती नाही म्हणता ना, मग तो १४ मंडळांना माहितीच्या अधिकारात वेगवेगळे अर्ज टाकतो, आकडे स्वतः जुळवतो आणि मग गुरुवारी तो आकडा घेऊन उभा राहतो. टीव्हीवर दिसणाऱ्या त्या एका वाक्यामागे असं महिनाभराचं कारकुनी काम असतं.

एक लबाडीही सांगून ठेवतो. काही लेखी प्रश्न सरकारच आपल्या पक्षाच्या आमदाराकरवी विचारून घेतं, म्हणजे एखादी घोषणा उत्तराच्या रूपाने करता येते. प्रश्न कुणी विचारलाय आणि उत्तर किती झटपट आलंय बघितलं की ओळखता येतं.

ते आयपॅडच्या बिलाचं प्रकरण काय होतं?

तेव्हाचे एसएनपीचे मंत्री मायकल मॅथेसन (पुढे आरोग्यमंत्री) २०२२ च्या ख्रिसमसच्या सुमारास कुटुंबाबरोबर मोरोक्कोला गेले, सोबत पार्लमेंटने दिलेला आयपॅड. रोमिंगचं बिल आलं जवळपास ११,००० पाउंड. त्यांनी सांगितलं की कामासाठी वापरला. बिलातले ३,००० पाउंड त्यांच्या ऑफिस खर्चातून आणि उरलेले पार्लमेंटच्या तिजोरीतून भरले गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बातमी फुटली, प्रश्न सुरू झाले, आधी ते पैसे परत करतो म्हणाले आणि मग सभागृहात येऊन सांगावं लागलं की मुलांनी त्याच्यावर फुटबॉलच्या मॅचेस बघितल्या. फेब्रुवारी २०२४ ला राजीनामा. मे महिन्यात सभागृहाने त्यांना २७ बैठकांच्या दिवसांसाठी निलंबित केलं आणि ५४ दिवसांचा पगार कापला. नव्यानेच फर्स्ट मिनिस्टर झालेले जॉन स्विनी त्या वेळी आपल्या माणसाची बाजू घेऊन प्रक्रियेवरच शंका काढत होते, ते लोकांना अजिबात रुचलं नाही.

११,००० पाउंड सरकारी हिशोबात चिल्लर आहे. पण रोमिंगचं बिल प्रत्येकाला कळतं, फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरलेला प्रत्येक माणूस त्या धक्क्यातून गेलेला असतो, म्हणून ते महिनोन्महिने चाललं. याच्या कितीतरी हजार पट पैसा ज्यात गेला ते पुढचं प्रकरण मात्र लोकांना वर्षानुवर्षं नीट समजलंच नाही.

फेरीबोटींचा घोटाळा म्हणतात तो काय?

घोटाळा म्हणायचं की गोंधळ हे तुम्ही ठरवा. पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांना बोटीशिवाय पर्याय नाही. आपण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जातो, ती चुकली तर निदान पनवेलवरून रस्ता तरी आहे. अॅरन बेटावर तसलं काही नाही, बोट रद्द झाली की हॉस्पिटलची अपॉइंटमेंट गेली आणि दुकानातलं दूधही गेलं.

२०१५ ला दोन नव्या बोटींचं काम पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन मरीन या जहाजबांधणीच्या यार्डला दिलं, किंमत दोन्हींची मिळून ९ कोटी ७० लाख पाउंड, बोटी २०१८ ला मिळायच्या. यार्ड पूर्ण रकमेची हमी देऊ शकत नव्हतं, बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीनेच त्यावर चिंता कळवली होती, तरी मंत्र्यांनी पुढे जायला सांगितलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पहिल्या बोटीचं, ग्लेन सॅनॉक्सचं, जलावतरण झालं. बोट इतकी अर्धवट होती की पुढच्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या. खऱ्या काचा नाहीत, रंग! तो फोटो आजही फिरतो.

२०१९ ला यार्ड बुडालं, सरकारने ते ताब्यात घेतलं. मग दर थोड्या दिवसांनी मंत्री उभे राहून नवी तारीख आणि नवा खर्च सांगायचे. मार्च २०२२ मध्ये ऑडिटर जनरलचा अहवाल आला आणि त्यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट पैशाची नव्हतीच, ती कागदाची होती. एवढी जोखीम असताना मंत्र्यांनी होकार का दिला याची पुरेशी कागदोपत्री नोंदच सापडत नाही, असं अहवालाने म्हटलं. झालं, विरोधकांनी हाच धागा धरला, "तो कागद कुठंय" असं आठवड्यामागून आठवडे विचारत राहिले, आणि त्याच मे महिन्यात सरकारला एक ईमेल सापडला ज्यावरून तेव्हाचे वाहतूकमंत्री डेरेक मॅके यांनी होकार दिल्याचं दिसलं. होकार कुणाचा ते कळलं, पण का, ते त्यातूनही नीट कळत नाही.

ग्लेन सॅनॉक्स शेवटी जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी घेऊन निघाली, आणि ती नेहमीच्या आर्ड्रॉसन बंदरात मावत नाही म्हणून ट्रूनहून सुटते. दुसरी, ग्लेन रोझा, तिची तारीख त्यानंतरही पुढे सरकत राहिली. सगळं धरून खर्च मूळ किमतीच्या चौपटीच्या पुढे. मधल्या काळात आणखी चार बोटींची ऑर्डर तुर्कस्तानातल्या यार्डला गेली. पोर्ट ग्लासगोच्या कामगारांना काय वाटलं असेल याची कल्पना करा, त्यांची यात चूक सगळ्यात कमी.

ऑडिटर जनरल म्हणजे आपला कॅग का?

साधारण तसंच. तो अहवाल देतो, मग पार्लमेंटची पब्लिक ऑडिट समिती, म्हणजे आपली लोकलेखा समिती म्हणा, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. मी तर म्हणेन गुरुवारचे दहा कार्यक्रम सोडा आणि या समितीची एक बैठक ऑनलाइन बघा. टाळ्या नाहीत, ओरडा नाही, २०२१ नंतरच्या काळात तिथं अध्यक्षपदी लेबरचे रिचर्ड लेनर्ड असायचे आणि ते एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या बाजूंनी विचारायचे, शांतपणे, आणि समोरच्या बड्या अधिकाऱ्याला पाण्याचा ग्लास उचलावासा वाटायचा.

पार्लमेंटची इमारतच महाग पडली म्हणे?

हो हो. १९९७ च्या कागदात १ ते ४ कोटी पाउंडांचा अंदाज, प्रत्यक्षात ४१ कोटींच्या वर, आणि तीन वर्षं उशीर, २००४ ला उघडली. आर्किटेक्ट एन्रिक मिरालेस आणि पहिले फर्स्ट मिनिस्टर डोनाल्ड डूअर दोघंही २००० मध्येच गेले, इमारत पूर्ण झालेली त्यांनी पाहिलीच नाही. सरकारी खर्चावर प्रश्न विचारायची जागा स्वतःच सरकारी खर्चाच्या चौकशीत सापडली, यावर इथले टॅक्सीवाले अजून बोलतात.

हॉस्पिटलांवर एवढे प्रश्न का?

कारण बजेटचा सगळ्यात मोठा घास तिथं जातो आणि प्रत्येक आमदाराला सगळ्यात जास्त पत्रं त्याचीच येतात. ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, ९५ टक्के पेशंट चार तासांत मोकळे व्हावेत हे सरकारचं स्वतःचं उद्दिष्ट, ते बरीच वर्षं गाठलं गेलेलं नाही. शिवाय २०११ च्या कायद्याने ठरावीक उपचार १२ आठवड्यांत सुरू करण्याची हमी दिलेली, म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत.

प्रश्नांनी खरंच काही घडल्याचं उदाहरण हवं असेल तर ग्लासगोचं २०१५ ला उघडलेलं मोठं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल बघा. तिथल्या पाण्याबद्दल आणि कॅन्सरच्या लहान मुलांच्या वॉर्डमधल्या इन्फेक्शनबद्दल आतल्या लोकांनी दिलेली माहिती २०१९ मध्ये सरवर यांनी सभागृहात मांडली. कुटुंबांनी लावून धरलं, पत्रकारांनीही, आणि २०२० मध्ये सार्वजनिक चौकशी सुरू झाली. यात गोड वाटावं असं काही नाही, मुलं गेलेली होती. पण प्रश्न विचारला नसता तर ते सगळं फायलीतच राहिलं असतं.

वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्येही असंच?

वेल्समध्ये मंगळवारी दुपारी. तिथं ६० सदस्य होते, २०२६ च्या निवडणुकीपासून ९६. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा सप्टेंबर २०२३ ला आणली तेव्हा विरोधात साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, सरकारची झोप उडाली.

उत्तर आयर्लंडची तऱ्हा वेगळी. तिथं ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे आणि आयर्लंडला जोडू म्हणणारे, अशा दोन्ही बाजूंनी मिळूनच सरकार चालवायचं असतं, एक बाजू उठून गेली की सगळं ठप्प. हिरव्या इंधनाच्या बॉयलरला सबसिडी देणारी एक योजना होती, तिला वरची मर्यादाच घातली नव्हती, त्यामुळे एक पाउंडाचं इंधन जाळलं की दीड पाउंडाहून जास्त मिळायचे. लोक रिकाम्या शेडसुद्धा गरम करत असल्याचे आरोप झाले. त्यावरून जानेवारी २०१७ ला सरकार पडलं ते थेट २०२० ला उभं राहिलं, मग २०२२ ते २०२४ पुन्हा बंद. विधानसभाच नाही तर मंत्रीही नाहीत, मग विचारणार कुणाला? त्या काळात अधिकारीच कारभार हाकत होते.

मी इथं स्टुडंट व्हिसावर आहे, मला यातलं काही करता येतं का?

बरंच. स्कॉटिश पार्लमेंटला भारतीय नागरिकही मत देऊ शकतात, वैध व्हिसा हवा, वय १६ पूर्ण हवं आणि मतदार नोंदणी केलेली हवी. बहुतेकांना हे माहीतच नसतं! तुमचे एकूण आठ एमएसपी असतात, एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे, एकाने दाद दिली नाही तर दुसऱ्याला लिहा, फक्त एकच मेल आठही जणांना एकदम पाठवू नका, मग प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. घरमालकाची किंवा बसची नुसती तक्रार लिहिण्यापेक्षा "हा प्रश्न तुम्ही मंत्र्यांना लेखी विचाराल का" असं स्पष्ट लिहा.

याचिका एका सहीवरही दाखल होते. गॅलरीत बसायला पैसे लागत नाहीत, पण गुरुवारसाठी तिकीट आधी काढून ठेवा, आणि टाळ्या वाजवू नका, ते चालत नाही.

आणि भारतात बसून?

बैठका ऑनलाइन दिसतात आणि सभागृहात बोललेला शब्द न् शब्द त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर येतो, फुकट. शिवाय स्कॉटलंडचा माहिती अधिकाराचा कायदा जगातल्या कुणालाही वापरता येतो, सांगलीत बसूनसुद्धा ईमेल करा, २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. आपल्यासारखं दहा रुपयांचं तिकीट लावायची गरज नाही, फक्त खरं नाव आणि उत्तर पाठवायचा पत्ता द्या, आणि "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, कुठल्या वर्षाची, कुठल्या खात्याची, कुठला कागद, ते नीट लिहा, नाहीतर अर्ज खर्चाच्या मर्यादेत बसत नाही म्हणून परत येतो.